वाटेत ठेवलेला कंदील

"नववा भाग येईल तेव्हा तुझ्या कडेवर बाळ असेल, नात्सुहो. त्या दिवसांत क्योहेईला खेळताना बघत बसू नकोस. दुसऱ्या खोलीत जा, कपड्यांच्या घड्या घाल, काहीही कर. बघत बसलीस ना, तर आतून करपशील."

तोमोए-सेनपाई हे बोलल्या तेव्हा नात्सुहोला सातवा महिना होता. सेनपाई म्हणजे कॉलेजातल्या खेळ-मंडळात तिच्या पुढच्या वर्गात असलेल्या. आता दोन मुलांच्या आई, आणि बोलायला पहिल्यापासूनच फटकळ. तोयामा स्टेशनच्या मागे एक जुनं कॉफीचं दुकान आहे, तिथे दोघी बसल्या होत्या. नात्सुहो पोटावर हात ठेवून खळखळून हसली.

"मी? क्योहेईवर जळू? उलट त्यानंच माझ्यावर जळायचं असतं, सेनपाई. आठही भाग मी त्याच्याआधी संपवलेत."

"तेच म्हणतेय मी," सेनपाई म्हणाल्या, आणि आपल्या बशीतला उरलेला केक त्यांनी तिच्यापुढे सरकवला.

सेनपाईंचा अंदाज निम्मा बरोबर निघाला. नात्सुहो करपली, अगदी तळाला लागलेल्या भातासारखी करपली. पण क्योहेईवर नव्हे. उमिनेको-सानवर.

उमिनेको-सान (हे 'सान' नावामागचं आदराचं) कोण, हे सांगायचं तर आधी 'कंदीलवाट' सांगायला हवी. हा खेळ नात्सुहो आणि क्योहेई जन्मायच्याही आधीपासून चालत आलेला. हातात एक कंदील, चहूकडे अंधार, आणि लांब कुठेतरी पुढची सराय. तेल संपायच्या आत तिथवर पोचायचं. सरायेत पोचलं की खेळ थांबवता येतो, मध्ये नाही. मध्येच उठलात तर कंदील विझतो आणि मागच्या सरायेपासून सगळं पुन्हा. आठ भागांत नायक बदलले, राज्यं बदलली, संगीत बदललं, पण हे काही बदललं नाही. नवव्यात बदललं. आता वाटेत कुठेही कंदील खाली ठेवायचा, उठून जायचं आणि आल्यावर उचलायचा. कंदील खाली असेपर्यंत एकही श्वापद जवळ फिरकत नाही. खेळ करणाऱ्यांनी सांगून टाकलं की आमचे खेळणारे आता मोठे झालेत, कुणाला नोकरी, कुणाला मुलं, कुणाला अंथरुणाला खिळलेले आईवडील. सलग दोन तास कुणाकडेच नसतात, म्हणून ही तडजोड.

झालं! सरायेत रण पेटलं. 'सराय' हे इंटरनेटवरचं, या खेळाच्या भक्तांचं बोलायचं पान. तिथे सगळे टोपणनावानं वावरतात. कुणाला खरं नाव विचारणं म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात पलीकडच्या बाजूचा पडदा सारून बघण्यासारखं. वर्षानुवर्षं भांडलेली, रडलेली, एकमेकांना नववर्षाच्या शुभेच्छा दिलेली माणसं, पण कोण कुठल्या गल्लीत राहतं ते कुणाला ठाऊक नाही.

"आता कंदिलात आणि टॉर्चमध्ये फरक काय उरला?" एकजण लिहायचा.

"काका, तुमचे गुडघे दुखतात म्हणून वाट सपाट केलीय. आभार माना."

"पुढच्या भागात नायक टॅक्सी करणार, बघालच तुम्ही."

"आणि टॅक्सीवाला विचारणार, सराय कुठल्या बाजूची घेऊ?"

या गदारोळात उमिनेको-सानचं लिहिणं यायचं ते शांत, जणू दुरून लाटेचा आवाज यावा तसं. आणि क्योहेई ते मोठ्यानं वाचून दाखवायचा.

"ऐक, ऐक," एका संध्याकाळी औषधाच्या कारखान्यातून आल्या आल्या, अंगातला कोटसुद्धा न काढता तो म्हणाला. "काय लिहितात बघ. 'भीती श्वापदांची नसते. परत फिरता येत नाही, याची असते. सरायेपर्यंत जायची तयारी नसेल तर दाराबाहेर कंदील घेऊन उभं राहावं, तेही छान असतं. पण त्याला वाट चालणं म्हणू नये.' वा! काय बाई आहे!"

नात्सुहोच्या हातातला पेजेचा चमचा वाकोच्या ओठांपाशी थबकला. आठ महिन्यांची वाको चोच उघडून ताटकळत राहिली.

"बाई आहे हे तुला कसं कळलं?"

"अगं, लिहिण्यावरून कळतं."

"आणि माझ्या लिहिण्यावरून काय कळायचं?"

"तुझ्या?" क्योहेई हसला. "भूक लागलीय हे कळायचं."

सरायेत नात्सुहोचं नाव शिओमुसुबी, म्हणजे मिठाच्या हातानं वळलेला साधा भाताचा गोळा. एके काळी या विनोदावर ती पोट धरून हसली असती. एके काळी शिओमुसुबीनं काय लिहिलंय हे बघायला लोक थांबून राहायचे. पाचव्या भागात मासेमारी घालायची गरज होती का, यावर ती इशिगामे नावाच्या एका माणसाशी कडाकडा भांडली होती, आणि त्या इशिगामेनं शेवटी लिहिलं होतं, "तुमची वाक्यं मला पाठ झालीत, आता काय करू?" तो इशिगामे आता तिच्यासमोर उभा राहून दुसऱ्या कुणाचीतरी वाक्यं पाठ करत होता, आणि तिच्या बाहीवर गाजराची पेज वाळत होती.

तिनं मनात एक उमिनेको-सान रंगवली होती. तिशीची. लांब बोटांची. पांढऱ्या भिंतींचं घर, एक मांजर, दुपारभर कुणी हाक मारत नाही. नखं नीट कापलेली. नात्सुहोला स्वतःची नखं कापायलाही वाकोच्या झोपेची वाट बघावी लागे, आणि वाको झोपली की ती श्वास घेते आहे ना हे बघण्यातच निम्मी झोप सरून जाई. छाती हलतेय. हलली. आता? हो, हलली.

मध्ये कानाझावाला सरायेतल्या मंडळींचा प्रत्यक्ष भेटायचा बेत ठरला. आदल्या दिवशी वाकोला ताप आला. "जाऊ का? नको तर नको," क्योहेईनं विचारलं. ती म्हणाली, "जा." आणि तो गेला! 'जा' म्हटल्यावर जायचं नसतं, हे आठ भाग खेळलेल्या माणसाला कळू नये? तो परत येऊन म्हणाला, उमिनेको-सान आल्याच नाहीत, त्या कधीच येत नाहीत म्हणे. वाकोचा ताप उतरला त्यापेक्षा या बातमीनं तिला जास्त बरं वाटलं. मग लाज वाटली. मग पुन्हा बरं वाटलं.

नववा भाग दुकानात आला त्या दिवशी सकाळी, एकीकडे दुधाच्या बाटल्या उकळत तिनं सरायेत लिहिलं:

"उमिनेको-सान, तुमचं म्हणणं सुंदर आहे. सुंदर बोलणं ज्यांना परवडतं, त्यांचं ते असतं. मी पहिली सराय सोडली की आमच्या घरात कुणीतरी रडतं. तुमच्या घरी कुणी रडत नसणार. अभिनंदन! पण वाट काय फक्त शांत घरांच्याच मालकीची आहे?"

दुपारपर्यंत सराय दणाणून गेली. वर्षानुवर्षं तोंड न उघडलेले बाप, आया, रात्रपाळीच्या नर्स, आजारी वडिलांच्या उशाशी बसणारे पोक्त मुलगे, सगळे बाहेर आले. "शिओमुसुबी परत आली!" कुणीतरी लिहिलं. नात्सुहोच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. संध्याकाळी उमिनेको-सानचं उत्तर आलं.

"खरंय. आमच्या घरी कुणी रडत नाही. नव्या भागाचा डबा आजच हातात पडलाय. खेळून बघते, मग तुमच्याशी नीट भांडेन."

त्यानंतर उमिनेको-सान गप्प झाल्या.

यात कुणाला वावगं काही वाटलं नाही. सरायेची रीतच तशी. नवा भाग हातात पडला की 'निघालो' एवढंच लिहायचं आणि खेळ संपेपर्यंत सरायेत पाऊल टाकायचं नाही, कारण कोण कधी गोष्टीचं गुपित फोडेल याचा भरवसा नसतो. संपला की 'पोचलो' लिहायचं. मधल्या दिवसांत कुणी कुणाची विचारपूस करत नाही; गप्प आहे म्हणजे मजेत आहे, असंच धरून चालतात. उमिनेको-साननं 'निघाले' लिहिलं नव्हतं, पण 'खेळून बघते' म्हणजे तेच की.

"जरा जास्तच झालं, नात्सु," दुसऱ्या दिवशी जेवताना क्योहेई म्हणाला.

"कशात?"

"ते 'अभिनंदन' कशाला लिहायचं?"

"तिला बोचलं का? तुला कळवलं तिनं?"

"मला कशाला कळवतील?"

"मग तुला कुठे बोचलं?"

क्योहेईनं सूपचा वाडगा तोंडाला लावला. नवऱ्यांना सूप फार कामी येतं.

दुसरा आठवडा लागला. दुपारी वाको झोपली की नात्सुहो आवाज पार बंद करून खेळायला बसे. कंदील ठेव, वाकोकडे बघ, कंदील उचल, असं तिचं चालायचं. तिनं कंदील ठेवला की पडद्यावरची तिची बाहुली शेजारी मांडी घालून बसे आणि हात शेकत राही. ते बघून तिला उगीच भरून यायचं. आपणही कुठेतरी असं बसावं, असं वाटायचं.

नवव्या भागात आणखी एक नवलाई होती, वाटाड्याची. प्रत्येकानं आपला एक वाटाड्या घडवायचा. तो आपल्याबरोबर चालतो आणि दुसऱ्यांनाही उसना जातो. नेणारा त्याच्या झोळीत काहीतरी भेट टाकतो, तेलाची कुपी, वाळवलेली पर्सिमनची फळं. मालक खेळायला बसला की झोळी आपोआप त्याच्यापुढे रिकामी होते. नात्सुहोच्या वाटाड्याला आजवर दोन कुप्या मिळाल्या होत्या. त्यातली एक क्योहेईनं टाकलेली.

त्या दुपारी दलदलीच्या काठावर तिला एक बुटका, कान झाकलेला म्हातारा उभा दिसला. खाली अक्षरं होती: उमिनेको यांचा वाटाड्या.

पुढे जायला हवं होतं. ती गेली नाही. बघू तरी, काय एवढं सोनं लागलंय, असं म्हणत तिनं म्हाताऱ्याला बोलावून घेतलं. त्याची झोळी फाटेस्तोवर भरली होती! कुप्यांवर कुप्या, फळांच्या माळा, मधाची भांडी. दहा बाजूंनी लोकांनी ओतलं होतं. एवढी लाडकी? कशासाठी? तिनं 'मालकाचं ठिकाण' दाबलं. नेमकी कुठवर पोचलीय महाराणी, ते बघायला.

पडद्यावर धुकं आलं. दलदलीची वाट, पहिली सराय मागे पडलेली, दुसरी अजून कुठेच नाही. निळ्या झग्यातली एक बाहुली. आणि तिच्या पायाशी, चिखलात, खाली ठेवलेला कंदील.

नात्सुहोनं किंचाळू नये म्हणून तोंडात बाही कोंबली. वाटेत! मधोमध! ती, जिला परत फिरता येत नाही म्हणे! तिनं फोनवर त्या चित्राचा फोटो काढला. सराय उघडली. बोटं भराभर चालली: "उमिनेको-सान, दाराबाहेर उभं राहणं छान असतं म्हणालात, ते हेच का? दमलात की काय?" फोटो जोडला. शेवटचं बटण तेवढं दाबायचं राहिलं. आणि ते दाबायच्या आधी क्षणभर तिनं डोळ्यांपुढे क्योहेईचा चेहरा आणला, तो फोटो बघतानाचा, हळूहळू उतरत जाणारा. चवीचवीनं आणला.

तेवढ्यात आतल्या खोलीत धप् झालं आणि वाकोनं टाहो फोडला.

नात्सुहोच्या हातातलं सगळं गळून पडलं. वाको लोळत लोळत गादीवरून उतरून कपाटाच्या फटीत डोकं घालून अडकली होती. डोकं सोडवलं, चाचपलं, टेंगूळ नाही, डोळे फिरत नाहीत ना, नाही, पुन्हा चाचपलं, बर्फ आणला, नको म्हणून परत ठेवला, दूध पाजलं. वाको मुसमुसत खांद्यावर शांत झाली तेव्हा तिला घेऊनच ती बाहेर आली.

पडद्यावर तिची बाहुली कंदिलाशेजारी उभी होती.

बसली नव्हती. उभी होती, हात लोंबते सोडून. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: 'हात सुटला, म्हणून कंदील ठेवला.' तिनं काही ठेवलं नव्हतं. तिनं यंत्र जमिनीवर टाकून धाव घेतली, थोडा वेळ गेला, आणि खेळानंच आपणहून कंदील खाली ठेवून दिला होता.

नात्सुहोनं फोन उचलला. न पाठवलेला फोटो अजून तसाच होता. तिनं तो बोटांनी मोठा केला.

उमिनेको-सानची बाहुली उभी होती.

म्हणजे उमिनेको-साननं कंदील ठेवलाच नव्हता. तिचा हात सुटला होता. पहिल्याच संध्याकाळी, पहिल्या आणि दुसऱ्या सरायेच्या मध्ये. आणि ती भरलेली झोळी! मालक परत आला असता तर झोळी रिकामी झाली असती. ती पहिल्या दिवसापासून नुसती भरतच गेली होती.

वीज गेली असेल, नात्सुहोनं स्वतःला सांगितलं. यंत्र बिघडलं असेल. आवडलं नसेल, दिलं असेल फेकून. पण न आवडलेलं फेकायला ही बाई आधी सरायेपर्यंत गेली असती, आणि मग येऊन सगळ्यांना सांगून फेकलं असतं. 'नीट भांडेन' म्हणाली होती. नात्सुहोच्या घरात कुणी रडलं म्हणून नात्सुहो उठली. ज्या घरात कुणी रडत नाही, तिथे ती कशासाठी उठली असेल? की उठलीच नसेल?

तिनं लिहिलेलं सगळं पुसलं आणि क्योहेईला कारखान्यात फोन लावला.

"वाकोला काही झालं?" त्यानं पहिल्याच श्वासात विचारलं.

"वाको बरीय. उमिनेको-सान."

मग तो म्हणाला, "येतो." वाकोला ताप आला तेव्हा 'जाऊ का' विचारणारा माणूस उमिनेको-सानसाठी एका शब्दात निघाला, हे नात्सुहोच्या मनानं टिपून ठेवलं. घाबरलेली होती, तरी टिपलं.

तो आला, फोटो पाहिला, आणि कोटासकट कोतात्सूत, त्या शेगडी लावलेल्या बुटक्या टेबलाखाली, पाय घालून बसला. "मागे एकदा यांच्याकडे भूकंप झाला होता, छोटासा. भांडी खणखणत होती, आणि ह्या सराय गाठून मग टेबलाखाली शिरल्या. त्यांनीच लिहिलं होतं. ह्या बाई वाटेत थांबणार नाहीत, नात्सु."

"कळलं. राहतात कुठे?"

"हाचिनोहेला, पार उत्तरेकडच्या किनाऱ्यावर. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"सहाव्या भागातल्या सरायेत पिठाच्या कडक भाजलेल्या चकत्या घातलेलं सूप मिळायचं ना, त्यावर लिहिलं होतं, 'आमच्याकडे चकत्यांचा असा लगदा करत नाहीत, हे ज्यानं काढलं त्याला हाचिनोहेला पाठवा.' हिवाळा होता. आणि उन्हाळ्यात समुद्रावरून गार वारा आला की गुडघे आखडतात म्हणायच्या."

"क्योहेई, वाकोची पुढची लस कधी आहे?"

"अं?"

"काही नाही. पुढे सांग."

तो सांगत गेला. दुसरा मजला. खाली पूर्वी न्हाव्याचं दुकान होतं, ते बंद पडलं, पण पट्ट्यापट्ट्यांचा खांब दारात तसाच आहे, घरमालकाला तो काढवत नाही. समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. समुद्रपक्षी वाळत घातलेले कपडे घाण करतात, म्हणून तर उमिनेको हे नाव, त्या पक्ष्यांचंच. खिडकीखाली बसथांबा, बस कधी वेळेवर नाही. रविवारी धक्क्यावरच्या सकाळच्या बाजारातून वाफाळता मांजू, तो गोड सारणाचा उकडलेला गोळा, आणतात आणि गार करून खातात. एकेक गोष्ट ऐकून नात्सुहोला वाटे, बरं झालं, आता सापडेल. आणि त्याच वेळी वाटे, किती जपून ठेवलंय यानं! माझी कुठली गोष्ट अशी सांगता येईल याला? जितकी जास्त आठवण, तितका जास्त आधार, आणि तितकाच जास्त डंख.

"वय?"

"नोकरी लागल्यावर पहिली खरेदी म्हणून पहिला भाग घेतला, असं एकदा लिहिलं होतं."

नात्सुहोनं मनाशी हिशोब केला. लांब बोटांची, मांजरवाली तरुणी भिंतीतून विरून गेली आणि तिच्या जागी नात्सुहोच्या आईच्या वयाची कुणीतरी येऊन उभी राहिली, सुजलेल्या गुडघ्यांची. आता तरी हेवा विझेल असं तिला वाटलं. तो विझला नाही. साठी ओलांडलेल्या बाईचं वाक्य न् वाक्य आपल्या नवऱ्याला तोंडपाठ आहे, हे तर जास्तच लागलं. तारुण्यावर ढकलून द्यायचीही सोय राहिली नाही.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? नाव काढलं की उठून भांडी घासायला जायचीस."

हाचिनोहेच्या पोलीस चौकीला नात्सुहोनंच फोन लावला. उचलणारा माणूस वयस्क होता, बोलायला मऊ.

"कुणाबद्दल काळजी आहे, बाई? नाव?"

"उमिनेको."

"ते आमच्याकडे हजारो आहेत. किनाऱ्यावर बसलेले." तो थट्टा करत नव्हता, त्याला खरंच कळेना. तिनं खेळ, कंदील, उभी बाहुली, न्हाव्याचा खांब सगळं सांगितलं. त्यानं मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "मी लिहून घेतलंय. पण शहर लहान नाही हो, असे खांब गल्लोगल्ली आहेत. एक घर दाखवा, नाहीतर एक आडनाव. लगेच सायकल काढतो."

खेळ करणाऱ्यांच्या मदत-विभागानं कळवलं की कुणाचा पत्ता देता येत नाही. सरायेचं पान चालवणाऱ्याकडे तर टोपणनावाखेरीज काही नव्हतंच. मग नात्सुहोनं सरायेत विचारलं, उमिनेको-सान कुठे राहतात कुणाला ठाऊक आहे का, मला काळजी वाटतेय.

"निघाल्या असतील हो. तुम्हा आयांना सगळीकडे काळजीच दिसते."

"खेळू द्या त्यांना सुखानं. प्रत्येकाला वाटेत थांबायची सवय नसते."

आणि एकानं लिहिलं, "शिओमुसुबी-सान, भांडण तर जिंकलात. आता त्यांना मारूनच टाकायचं ठरवलंय का?"

त्याखाली हसणाऱ्यांची रांग लागली. ज्यांना उमिनेको-सान खरोखर माहीत होत्या, ते जुने लोक तर 'निघालो' लिहून केव्हाच गप्प झालेले, सरायेकडे न फिरकणारे.

"मी लिहितो," क्योहेई म्हणाला. "इशिगामेच्या नावानं. माझं ऐकतील."

"नाही."

"अगं, लोक म्हणतील हिला एवढा कळवळा कुठून आला?"

"म्हणू देत. 'अभिनंदन' मी लिहिलं होतं."

दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. बाहेर ट्राम खडखडत गेली. क्योहेईनं वाकोला कडेवर घेतलं आणि तो नात्सुहोच्या पाठीमागून पडद्यात डोकावू लागला. "त्या किती सुंदर लिहायच्या, तेही घाल," तो म्हणाला. नात्सुहोनं मान न वळवता सांगितलं, "वाकोला दुसऱ्या खोलीत घेऊन जा." आणि सरायेत कधी कुणी केलं नव्हतं ते करत, आधी खरं नाव घालून, तिनं लिहायला घेतलं:

"मी शिओमुसुबी. माझं खरं नाव नात्सुहो. तोयामात राहते, मला आठ महिन्यांची मुलगी आहे. फोन नंबर खाली दिलाय, खरा आहे, लावून बघा.

उमिनेको-सानचा मला हेवा वाटतो. आजही वाटतो. त्यांचं काही उणं सापडतंय का, हे शोधायलाच मी त्यांचा वाटाड्या उसना घेतला होता, आणि मला जे दिसलं ते सोबतच्या फोटोत आहे. नीट बघा. बाहुली उभी आहे. तुमचा स्वतःचा कंदील एकदा हातानं ठेवून बघा, आणि एकदा यंत्र नुसतं सोडून उठून जा, म्हणजे फरक कळेल. मग त्यांच्या वाटाड्याची झोळी बघा. ती पहिल्या दिवसापासून कुणी रिकामी केलेली नाही.

मी चूक असेन तर मनसोक्त हसा. उमिनेको-सान सगळ्यांत मोठ्यानं हसतील, आणि मग माझ्याशी नीट भांडतील. मला तेच हवंय.

तुमच्यापैकी 'निघालो' लिहून गप्प बसलेला कुणी ओळखीचा असेल, तर त्याला फोन करून हे वाचायला लावा. गुपित फुटलं तर फुटलं.

आणि तुम्ही हाचिनोहेत राहत असाल, किंवा तिथे तुमचं कुणी असेल, तर ऐका. खाली बंद पडलेलं न्हाव्याचं दुकान, दारात अजून पट्ट्यांचा खांब, समोर बसथांबा, समुद्र दिसत नाही पण ऐकू येतो. दुसरा मजला. असं घर पाहिल्यासारखं वाटलं तर 'आपल्याला काय' म्हणू नका. आज जा. खिडकीत दिवसाही दिवा जळतोय का ते बघा. बेल वाजवा. दार उघडलं नाही तर पुन्हा वाजवा, शेजाऱ्यांना हाक मारा, घरमालकाला उठवा. दार उघडलं, तर माझं नाव सांगायची गरज नाही. त्या बऱ्या आहेत ना, एवढं फक्त बघून या, आणि मला कळवा."